दहा पॅक-इयरची अट: एका निकषाची कुळकथा

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरच्या आसपास, सहस्रकुंड धबधब्याच्या परिसरातल्या गावांत आणि तांड्यांवर, चुलीचं सरपण म्हणजे पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या आणि रानातून डोक्यावर आणलेल्या काटक्या. पावसाळ्यात ओलं लाकूड पेटत नाही, नुसतं धुमसतं. फुंकणी लावून जाळ धरवायचा तर तोंड चुलीपाशीच न्यावं लागतं. मुलगी ज्या वयात भाकरी थापायला शिकते, त्या वयापासून हा धूर तिच्या छातीत साठायला लागतो. पन्नाशीत तिला हंडा उचलताना धाप लागते, थंडीत खोकल्यानं रात्र बसून काढावी लागते, आणि घरात त्याला दमा म्हणून मोकळं होतात. असा त्रास असलेल्या कित्येक बायकांची स्पायरोमीटरवर, म्हणजे फुंकून फुप्फुसाची ताकद मोजण्याच्या यंत्रावर, तपासणी केली, तर तो सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार निघेल. या आजारावरची औषधं गेल्या वीस-पंचवीस वर्षांत ज्या मोठ्या चाचण्यांतून पारखली गेली, त्यांतल्या बहुतेक चाचण्यांच्या दारातून मात्र या बाईला परत फिरावं लागलं असतं. तिथे प्रवेशाची एक अट होती: किमान दहा पॅक-इयर धूम्रपान. ही अट कुठून आली हे पाहिलं, की ती विज्ञानाची गरज नव्हती, सवय होती, हे दिसतं. आणि सवय मोडता येते.

रोज वीस सिगारेटींचं एक पाकीट वर्षभर ओढलं की एक पॅक-इयर होतो. दहा पॅक-इयर म्हणजे 73,000 सिगारेटी. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून औषध पारखण्याच्या पद्धतीशी या मोजमापाचा मुळात काही संबंध नव्हता. त्या पद्धतीचा पाया छातीच्याच एका रोगावर घातला गेला. 1948 मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं क्षयाच्या 107 रुग्णांवरची स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली, तिची आखणी ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांची. सीओपीडीत उपचारानं आयुष्य वाढतं याचा पहिला भक्कम पुरावा आला तो प्राणवायूचा. 1980 साली अमेरिकेतली आणि 1981 साली ब्रिटनमधली, अशा दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. ब्रिटनमधल्या चाचणीत 87 रुग्ण होते. दिवसाचे किमान पंधरा तास प्राणवायू घेणाऱ्या 42 जणांपैकी पाच वर्षांत 19 दगावले, न घेणाऱ्या 45 जणांपैकी 30. इथे निवडीचं मुख्य माप होतं रक्तातला प्राणवायू किती घटला आहे हे. म्हणून त्या चाचण्यांचा निष्कर्ष नांदेडच्या वॉर्डातल्या बाईलाही लावता येतो. आजार मोजून रुग्ण निवडला, तर उत्तर सगळ्यांच्या कामी येतं.

तंबाखूची अट शिरली ती दुसऱ्या वाटेनं. चार्ल्स फ्लेचर आणि रिचर्ड पेटो यांनी पश्चिम लंडनमधल्या 792 कामगारांच्या फुप्फुसांची ताकद 1961 पासून आठ वर्षं मोजली. धूम्रपानानं ती काहींमध्ये झपाट्यानं उतरते आणि सिगारेट सोडली की घसरण मंदावते, हे त्यांनी 1977 मध्ये दाखवलं. त्यांचा आलेख आजही पाठ्यपुस्तकांत आहे, आणि त्या 792 जणांत एकही स्त्री नव्हती. पुढे अमेरिका-कॅनडातल्या लंग हेल्थ स्टडीनं 5,887 धूम्रपान करणारे घेतले. ते रास्तच होतं, कारण प्रश्नच धूम्रपान सोडवण्याचा होता. निकाल 1994 मध्ये आला. पण मग औषधांच्या चाचण्यांनीही तोच साचा उचलला. 2007 ची टॉर्च, 2008 ची अपलिफ्ट, 2018 ची इम्पॅक्ट या तीन चाचण्यांत मिळून 22 हजारांवर रुग्ण होते आणि तिन्हींत दहा पॅक-इयरची अट होती. 2023 मध्ये ड्युपिलुमॅब या नव्या इंजेक्शनची बोरिआस चाचणी आली, तीतही ही अट कायम राहिली. लंडनच्या कामगारांपुरतं जे खरं होतं, ते साऱ्या जगाच्या आजाराची व्याख्या होऊन बसलं.

या आजाराला दुसराही एक बाप आहे, हे भारतात त्याआधीच नोंदलं गेलं होतं. डॉ. एस. पद्मावती यांनी 1959 मध्ये दिल्लीतल्या 127 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फुप्फुसाच्या जुनाट आजारानं ज्यांचं हृदय थकलं होतं, असे हे रुग्ण. त्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या, आणि त्या सहसा धूम्रपान करत नव्हत्या. बोट गेलं ते स्वयंपाकघरातल्या धुराकडे. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जगभरचा पुरावा एकत्र मांडला: सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे 25 ते 45 टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. 2016 साली भारतात साडेपाच कोटींवर लोकांना हा आजार होता. त्यामुळे वाया गेलेल्या निरोगी आयुष्यापैकी 53.7 टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा, तर तंबाखूचा 25.4 टक्के, असा हिशेब निघाला. म्हणजे जे कारण आपल्याकडे दुय्यम आहे, त्याच्या रुग्णांवर औषध पारखायचं आणि जे मुख्य आहे त्याच्या रुग्णांना अंदाजानं द्यायचं, असा हा प्रकार आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की नळी अरुंद झाली ती विडीनं की चुलीनं, हे औषधाला काय कळतं? नळी रुंदावणाऱ्या औषधांपुरता हा युक्तिवाद बराचसा पटण्याजोगा आहे. स्टेरॉइडच्या बाबतीत तो टिकत नाही. टॉर्चमध्ये स्टेरॉइड आणि नळी रुंदावणारं औषध एकत्र घेणाऱ्यांत तीन वर्षांतली न्यूमोनियाची शक्यता 19.6 टक्के होती, नुसतं प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला दिखाऊ डोस, घेणाऱ्यांत 12.3 टक्के. फायदा आणि धोका यांचा हा तोल कोणत्या रुग्णात कुठे झुकतो, यावर सगळं अवलंबून आहे. चुलीच्या धुरानं होणाऱ्या आजारात फुप्फुसाचे फुगे फुटण्यापेक्षा बारीक नळ्यांना व्रण पडणं जास्त दिसतं, असं मेक्सिकोतल्या अभ्यासांत आढळलं आहे. ज्या भागात क्षय अजून घराघरांत माहीत आहे, तिथे स्टेरॉइडचा हिशेब तर आणखी जपून करायला हवा. दुसरा आक्षेप असा, की अट काढली तर खऱ्या दम्याचे रुग्ण चाचणीत घुसतील. अडचण खरी आहे, पण उपायही हाताशी आहे. औषध देऊन पुन्हा फुंकायला लावणं, जुनी ॲलर्जी विचारणं, रक्तातल्या पेशी मोजणं, यांनी बरंच वेगळं काढता येतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यालाही दमा असू शकतोच. पॅक-इयरची गाळणी तो अडवत नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: चाचण्या कशाला, गॅस द्या. मेक्सिकोच्या मिचोआकानमध्ये 552 बायकांवर सुधारित चुलीची चाचणी झाली. ज्यांनी नवी चूल खरोखर वापरली, त्यांच्या फुप्फुसाच्या ताकदीची वर्षातली घट उघड्या चुलीवाल्यांच्या निम्मी होती. उज्ज्वला योजनेतून 2016 पासून सिलिंडर मिळाले, ते भरून घेणं परवडावं यासाठी झगडलंच पाहिजे. पण जी बाई तीस वर्षं धुरात बसली, तिची आजची धाप सिलिंडरनं जात नाही. तिला औषधही हवं. चौथा आक्षेप गरिबांना प्रयोगाचे प्राणी करण्याचा. ही भीती निराधार नाही. 2009-10 मध्ये खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांत मुलींना दिलेल्या एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात संमतीच्या प्रश्नावरून देशभर वादळ उठलं होतं. त्यावर उत्तर आहे नियमांचं. 2009 पासून चाचणीची आगाऊ नोंदणी सक्तीची आहे, 2019 च्या नियमांत नैतिक समिती आणि इजा झाल्यास भरपाई यांची तरतूद आहे. गोंडी, कोलामी, बंजारा बोलणाऱ्या बाईला तिच्या भाषेत समजावून सांगणं हा त्याचा भाग झाला पाहिजे. चाचणीबाहेर ठेवल्यानं ती सुरक्षित राहत नाही. तेच औषध ती घेतेच, फक्त त्याचा परिणाम कुणी लिहून ठेवत नाही.

पर्यायी माप तयार आहे. रोजचे चुलीपुढचे तास गुणिले वर्षं, असा निर्देशांक भारतीय डॉक्टर अनेक वर्षं वापरत आले आहेत. म्हैसूर जिल्ह्यातल्या ग्रामीण स्त्रियांत तो 60 च्या पुढे गेला की जुनाट खोकला-कफाचा धोका वाढतो, असं 2013 च्या अभ्यासात दिसलं. बाराव्या वर्षी चुलीपुढे बसलेली मुलगी रोज तीन तास धरले तर बत्तिसाव्या वर्षी तिथे पोचते. सीओपीडीवरच्या ‘गोल्ड’ या जागतिक मार्गदर्शिकेनं 2023 मध्ये धूर आणि प्रदूषणातून आलेल्या आजाराला स्वतंत्र प्रकार म्हणून जागाही दिली. आता काम उरलं आहे ते चाचण्या मंजूर करणाऱ्यांचं. भारतात होणाऱ्या सीओपीडीच्या प्रत्येक चाचणीला औषध नियंत्रकांनी आणि नैतिक समित्यांनी एक प्रश्न विचारावा: यात चुलीच्या धुराचे किती रुग्ण आहेत? उत्तर शून्य असेल, तर त्याचं कारण लेखी मागावं, आणि ते पटलं नाही तर परवानगी रोखावी.