शासकीय सेवांतील टप्पेवार आवश्यकता-व्यवस्थापन

शासकीय कार्यालयाची एखादी सेवा सुधारायची तर ती कोणाला, कशासाठी आणि किती दिवसांत हवी आहे हे आधी शोधावे लागते. जे सापडले ते तपासता येईल अशा शब्दांत लिहून मंजूर करून घ्यावे लागते आणि नंतरच्या प्रत्येक बदलाचा हिशेब ठेवावा लागतो. या कामांची ठरावीक क्रमाने केलेली मांडणी म्हणजे टप्पेवार आवश्यकता-व्यवस्थापन. संगणक व्यवसायात याला ‘रिक्वायरमेंट मॅनेजमेंट’ म्हणतात. या विषयावरची बहुतेक प्रमुख मानके आयईईई या विद्युत व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या संस्थेशी निगडित आहेत. संस्थेचे मुख्यालय न्यूयॉर्क शहरात असले, तरी तिचे कामकाज-केंद्र आणि मानकांचा विभाग न्यू जर्सी राज्यातील पिस्कॅटवे येथे, होज लेनवर आहे. तिथे घडलेल्या नियमांच्या आधारे जगभरच्या सरकारांनी कंत्राटे काढली, आणि त्यांतली काही मोठ्या नामुष्कीने फसली. त्यामुळे टप्प्यांची पद्धतच चुकीची, असे अनेकांचे मत झाले. उपलब्ध पुरावा वेगळे सांगतो. टप्पा म्हणजे विचारपूर्वक निर्णय घेण्याची जागा, असे जिथे मानले गेले तिथे ही पद्धत उपयोगी पडली. टप्पा म्हणजे सही करून हात झटकण्याची जागा, असे जिथे झाले तिथे ती बुडाली.

आयईईईचे ‘८३०’ क्रमांकाचे मानक प्रथम १९८४ मध्ये आले आणि १९९३ व १९९८ मध्ये सुधारले गेले. त्याचा विषय सॉफ्टवेअरचे आवश्यकता-पत्रक, म्हणजे निविदांच्या भाषेतले ‘एसआरएस’. पत्रक बरोबर, निःसंदिग्ध, पूर्ण आणि सुसंगत असावे, त्यातल्या बाबींचा महत्त्वानुसार क्रम लावलेला असावा, त्या पडताळता आणि बदलता याव्यात आणि त्यांचा माग काढता यावा, असे आठ गुण १९९८च्या आवृत्तीत सांगितले आहेत. यांपैकी पडताळता येण्याचा गुण सेवेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. प्रणाली ‘चांगली चालावी’ हे विधान मानकाला चालत नाही. घटना घडल्यापासून २० सेकंदांच्या आत ६० टक्के वेळा आणि ३० सेकंदांच्या आत दरवेळी उत्तर मिळावे, हे चालते. कारण ते पाळले गेले की नाही हे घड्याळ लावून कोणालाही पाहता येते.

हाच निकष तहसील कार्यालयातल्या उत्पन्नाच्या दाखल्याला लावून पाहावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार सेवांना कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि अपिलाची वाट ठरवून दिलेली आहे. या दाखल्याची मर्यादा १५ दिवसांची. वरवर पाहता ही पुरेशी मोजता येणारी आवश्यकता आहे. पण हे १५ दिवस कोणत्या क्षणापासून मोजायचे? आपले सरकार सेवा केंद्रात शुल्क भरून पावती मिळाली तेव्हापासून, की कागदपत्रे पूर्ण असल्याची नोंद टेबलावर झाली तेव्हापासून? अर्जात त्रुटी काढली तर मोजणी थांबते, चालूच राहते, की पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते? हे लिहून ठेवले नसेल तर प्रणाली बनवणारा स्वतःच्या सोयीने काहीतरी ठरवतो. समजा त्याने त्रुटीनंतर मोजणी नव्याने सुरू होईल असे ठरवले. मग चौदाव्या दिवशी काढलेल्या एका किरकोळ त्रुटीने प्रकरण अहवालात ‘मुदतीत’ दिसते आणि अर्जदार मुलीची प्रवेशाची तारीख मात्र उलटून जाते. यात कोणी कायदा मोडलेला नसतो आणि संगणकही बिघडलेला नसतो. एक वाक्य लिहायचे राहून गेलेले असते, आणि त्याची किंमत त्या मुलीला मोजावी लागते. आवश्यकतेचे काम कारकुनी मानून कनिष्ठांवर सोपवणाऱ्यांनी या एका उदाहरणाचा तरी विचार करायला हवा.

२०११ मध्ये आयईईईने दोन आंतरराष्ट्रीय मानक संस्थांबरोबर ‘२९१४८’ हे संयुक्त मानक काढले आणि ८३० सह तीन जुनी मानके त्यात विलीन झाली. २०१८ मध्ये ते पुन्हा सुधारले. जुन्या मानकाचा भर दस्तऐवजावर होता, नव्याचा भर प्रक्रियेवर आहे. संस्थेचा मूळ प्रश्न काय, संबंधित लोकांच्या गरजा काय, आणि त्यांतून प्रणालीने नेमके काय करायचे, अशा तीन पातळ्या त्यात वेगळ्या केल्या आहेत आणि वरच्या पातळीवर परत जाणे हा प्रक्रियेचाच भाग मानला आहे. सरकारी कामात हा भेद फार उपयोगी ठरतो. ‘ऑनलाइन पोर्टल हवे’ ही तिसऱ्या पातळीची मागणी असते. पहिल्या पातळीवर ‘लोकांना पाच वेळा खेटे का घालावे लागतात’ हा प्रश्न विचारलेलाच नसतो.

टप्प्यांविरुद्धचा सर्वांत जोरदार पुरावा म्हणून एफबीआयच्या ‘व्हर्च्युअल केस फाइल’ प्रकल्पाकडे बोट दाखवले जाते. २००१ मध्ये सुरू झालेली ही गुन्हे-तपासाच्या नोंदींची प्रणाली सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून द्यावी लागली. तिचे आवश्यकता-पत्रक ८०० पानांहून मोठे होते. इतके लिहूनही प्रकल्प बुडाला, मग लिहिण्याचा उपयोग काय, असा आक्षेप येतो. परंतु त्या पानांत काय होते हे पाहिले पाहिजे. तपास अधिकाऱ्याचे काम कसे चालते आणि त्यात कुठे अडते यापेक्षा पडद्यावर काय आणि कुठे दिसावे याचाच तपशील त्यांत जागोजागी होता. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर संस्थेच्या गरजाच बदलल्या आणि काम चालू असतानाही बदलांच्या मागण्या येत राहिल्या. न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी अपयशाच्या कारणांत नीट न ठरलेल्या आणि सावकाश बदलत गेलेल्या आवश्यकतांचा स्पष्ट उल्लेख केला. पाने भरपूर होती, पण मधल्या पातळीचे काम झालेले नव्हते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतल्याच आरोग्य विम्याच्या ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ या केंद्रीय संकेतस्थळाचे. १ ऑक्टोबर २०१३ रोजी ते खुले झाले आणि पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची विमा-नोंदणी पूर्ण होऊ शकली. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने जुलै २०१४ मध्ये दिलेला अहवाल वाचण्यासारखा आहे. महत्त्वाच्या तांत्रिक आवश्यकता ठाऊक नसतानाच कामाचे आदेश निघाले. मुख्य प्रणालीचा खर्च सप्टेंबर २०११ मधील सुमारे ५.६ कोटी डॉलरवरून फेब्रुवारी २०१४ पर्यंत २०.९ कोटींच्या वर गेला. आणि सज्जतेची जी तपासणी मार्चमध्ये व्हायची ती सप्टेंबरवर, म्हणजे उद्घाटनाच्या तोंडावर ढकलली गेली. टप्पा आराखड्यात होता, पण तिथे थांबून ‘आपण तयार आहोत का’ हे विचारण्याची आणि ‘नाही’ हे उत्तर ऐकून घेण्याची सोय कोणी ठेवली नव्हती. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की पानांची संख्या हा मुद्दाच गळून पडतो.

‘अजाइल’ पद्धतीचे पुरस्कर्ते यावर म्हणतात की आवश्यकता आधी कळतच नाहीत. लहान लहान तुकड्यांत काम करावे, लोकांना दाखवावे आणि शिकत जावे. हे म्हणणे बव्हंशी खरे आहे, आणि टप्पे मानणाऱ्यांनी ते फार उशिरा ऐकले. पण ते टप्प्यांच्या विरोधात जाते, हा निष्कर्ष बरोबर नाही. एकामागून एक टप्प्यांची आकृती ज्यांच्या नावावर टाकली जाते त्या विन्स्टन रॉयस यांनीच १९७० च्या निबंधात एकदाच सरळ खाली जाण्याची रीत धोक्याची असल्याचे बजावले होते आणि ग्राहकाला आरंभापासून सामील करून घ्यावे असे सुचवले होते. एफबीआयच्या पुढच्या ‘सेंटिनेल’ प्रकल्पातही हेच दिसते. २००६ मध्ये सुरू झालेला हा प्रकल्प रेंगाळला, तेव्हा २०१० मध्ये संस्थेने तो स्वतःकडे घेऊन दोन-दोन आठवड्यांच्या फेऱ्यांत पूर्ण केला आणि २०१२ मध्ये तो वापरात आला. मात्र तसे करताना आधी लिहिलेले आवश्यकता-पत्रक फेकून दिले नाही. त्यातूनच कामाच्या छोट्या नोंदी तयार केल्या आणि फेऱ्यांत वाटल्या.

यापुढचा प्रश्न माग काढण्याचा. ऑर्लेना गोटेल आणि अँथनी फिंकेलस्टाइन यांनी १९९४ मध्ये शंभराहून अधिक व्यावसायिकांच्या अनुभवांवरून दाखवले की आवश्यकता लिहिली गेल्यानंतरचा तिचा प्रवास त्या मानाने सापडतो. ती मुळात कोणी, कोणत्या अडचणीमुळे मागितली, हे मात्र हरवून जाते. शासकीय सेवेत हे हरवणे फार महागात पडते, कारण सेवा माणसांपेक्षा जास्त जगते. पिस्कॅटवे ज्या राज्यात आहे त्या न्यू जर्सीत एप्रिल २०२० मध्ये हे उघड झाले. महामारीने बेकारी भत्त्याचे अर्ज धो धो येऊ लागले आणि नव्या कायद्याने आठवड्याला ६०० डॉलर जादा द्यायचे ठरले. तेव्हा राज्याच्या प्रणाली चाळीसहून अधिक वर्षे जुन्या असल्याचे सांगून गव्हर्नर फिल मर्फी यांनी ‘कोबोल’ ही संगणकीय भाषा जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर साद घातली. त्या काळी सगळा दोष कोबोलच्या माथी मारला गेला. अडचण भाषेपुरती असती तर ती शिकवून भागले असते. इतक्या जुन्या प्रणालीत कोणती अट कोणत्या कायद्यासाठी घातली आहे हे सांगणारी नोंद नसेल, तर नियम बदलताना प्रत्येक ओळीला हात लावायची भीती वाटते.

भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. निविदेची पद्धत अशी की परिशिष्टात आवश्यकता आधीच बंद कराव्या लागतात, सर्वांत कमी दराला काम द्यावे लागते, आणि ‘एसआरएस’वर सही झाली की पैशाचा एक हप्ता सुटतो. मग परत मागे जाणार कोण? ही अडचण खरी आहे. हप्ता सहीला बांधला की कंपनी आणि खाते दोघांनाही ती सही लवकर व्हावी असे वाटते. शंका काढणारा माणूस दोघांनाही अडथळा वाटू लागतो. त्यात बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमानुसार अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा, म्हणजे ज्याने सही केली तो बहुधा प्रणाली चालू होताना दुसऱ्या जिल्ह्यात असतो. पण याचा उपाय टप्पे काढून टाकण्यात नाही. हप्ता सहीऐवजी पडताळणीला बांधता येतो: काही तालुक्यांत खरे अर्ज खऱ्या खिडकीवरून जाऊन दाखले मुदतीत निघाले, की पैसे. बदलांसाठी काही रक्कम आधीच राखून ठेवता येते, म्हणजे प्रत्येक ‘चेंज रिक्वेस्ट’ भांडणाचे कारण ठरत नाही. आणि बदलून येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी तर कारणांसह लिहिलेल्या नोंदवहीसारखा दुसरा आधार नाही.

सगळ्यात मूलगामी आक्षेप हा की सेवा सुधारते ती इच्छाशक्तीने. प्रक्रिया आणि मानके ही वरवरची सजावट. अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा दाखला इथे दिला जातो. १९८० च्या दशकात तिथले जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी संगणकाशिवाय जिल्हा कार्यालयाचा चेहरा बदलला आणि तो ‘लखिना पॅटर्न’ म्हणून देशभर गाजला. इच्छाशक्ती तिथे नक्कीच होती. पण ती कशात उतरली? दप्तराची वर्गवारी करणे, कोणाकडे कोणते काम हे ठरवणे, बैठक-व्यवस्था बदलणे, कागद मागितल्यावर सापडेल अशा जागी ठेवणे. लोकांना आणि कर्मचाऱ्यांना काय लागते हे आधी पाहून मग रचना करणे, हे आवश्यकतांचेच काम होते. पिस्कॅटवेची मानके त्याच कामाला नोंदीची शिस्त देतात, म्हणजे तो अधिकारी निघून गेल्यावरही का आणि कसे हे मागे राहते.

लहान कार्यालयांना २९१४८ चे सगळे दस्तऐवज पेलणार नाहीत, हे उघड आहे, आणि त्यांच्यावर ते लादूही नयेत. ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेच्या एका विभागाला एक साधी नोंदवही पुरते: गरज काय, ती कोणी सांगितली, ती भागली हे कसे मोजायचे, कधी बदलली, का बदलली. ही वही कार्यालयाच्या ताब्यात हवी, कंत्राटदाराच्या नव्हे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमातील कलम ४ प्रमाणे जनतेवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करणे आणि बाधित व्यक्तींना निर्णयांची कारणे देणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे; दाखल्याची मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची हा निर्णयही त्यातच मोडतो आणि तो खिडकीशेजारच्या फलकावर लावता येतो.