पायाखालचा सूर

गेल्या वर्षी दसरा आटोपला आणि आमच्या घरी माळा आवरण्याची वार्षिक मोहीम निघाली. तांब्याचा बंब, मोडका पाळणा आणि आकाशकंदिलाचे सांगाडे यांच्यामागून सागवानी लाकडाची एक तिरकी पेटी खाली आली. घरातल्या मंडळींनी तिला 'पाट' ठरवून बाजूला ठेवले. मी मात्र तिला लगेच ओळखले. ते माझ्या मामांचे पेडल होते.

मामा हवाईयन गिटार वाजवीत. गणेशोत्सवातल्या वाद्यवृंदांतून त्यांना बोलावणी असत. गिटार मांडीवर आडवी, डाव्या हातात पोलादी कांडी, उजव्या हाताच्या बोटांत नख्या आणि उजवा पाय या पेटीवर. प्रेक्षक हातांकडे पाहत. मी, पोरसवदा असल्यामुळे रंगमंचाच्या कडेला बसायला मिळे म्हणून, पायाकडे पाही.

गिटारची तार छेडली की सूर जन्मतो आणि जन्मल्या क्षणापासून विझू लागतो. गळ्याचे किंवा सारंगीचे तसे नाही. तिथे श्वास आहे, गज आहे. मग गिटारवाल्याने काय करावे? त्याने पेडल अर्धे मिटलेले ठेवून तार छेडावी आणि सूर जसजसा क्षीण होईल तसतसा पाय हलकेच दाबीत जावा. तार विझत असते, पण ध्वनिवर्धकातून येणारा आवाज जिथल्या तिथे राहतो. आघात ऐकू येऊच नये असे वाटले तर पेडल पुरते मिटून छेडायचे आणि मग उघडायचे. सूर कुठून आला तेच कळत नाही.

पायाने किंवा गुडघ्याने आवाज लहानमोठा करण्याची युक्ती आपल्याला परकी नाही. संगीत नाटकांच्या वैभवकाळात रंगमंचापुढे जो ऑर्गन असे, त्याचा भाता पायाने चाले आणि आवाज चढवण्यासाठी गुडघ्याने बाजूला सारायची एक दांडी असे. तिने आतल्या झडपा उघडत. गिटारच्या पेडलात झडपेऐवजी विजेची वाट मोकळी होते, एवढेच.

या गिटारचा जन्म हवाई बेटांवरचा. ओआहू बेटावरच्या लाइए गावच्या जोसेफ केकुकू नावाच्या मुलाने १८८५ च्या सुमारास तारांवर लोखंडाचा तुकडा सरकवून पाहिला आणि पुढे शाळेच्या कार्यशाळेत पोलादी कांडी घडवली, असे सांगतात. मौज अशी की, त्याच सुमारास होनोलुलूत असलेल्या गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या माणसाकडेही हे श्रेय देणारी एक हकीगत आहे, आणि तिच्यानुसार हा गृहस्थ जन्माने हिंदुस्थानातला! खरेखोटे ठरवणे कठीण. पण विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरताना पाहिलेल्या माणसाला ती हकीगत खोटी ठरवावीशी वाटत नाही, हेही कबूल करतो. १९१५ साली सान फ्रान्सिस्कोच्या भव्य प्रदर्शनात हवाईयन वादक वाजले आणि साऱ्या अमेरिकेला या सुरांचे वेड लागले. पुढे ताउ मो याच्यासारखे वादक जगभर हिंडले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याचे कुटुंब कलकत्त्यात राहिले, आणि आपल्याकडे हे वाद्य रुजवण्यात त्याचा वाटा मोठा. मुंबईत व्हॅन शिप्ली यांनी विजेच्या गिटारवर चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या आणि घरोघरी हा सूर पोचला. मामांच्या पिढीचे दैवत तेच.

विजेशिवाय पेडल नाही. जॉर्ज बोशाम याने १९३१ साली लोहचुंबकावर चालणारी गिटार बनवली आणि पुढल्या वर्षी ती बाजारात आली. आकारामुळे तिचे नावच 'तळणीचा तवा' पडले. तारेची थरथर एकदा विजेत उतरली की तिच्या वाटेत रेडिओत असते तसे आवाजाचे बटण बसवता येते, आणि हात दोन्ही गुंतलेले असल्यामुळे ते पायाशी न्यावे लागते. अमेरिकेत टोलेडोच्या रो कारखान्याने डीआर्मंड नावाने काढलेल्या पेडलांत दातेरी पट्टी दातेरी चाकाला फिरवी. नॅशव्हिलला शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स यांनी १९५७ साली शो-बड कंपनी काढली. तिच्या पेडलांत चाकाऐवजी दोरी होती. १९५४ साली वेब पीअर्सच्या 'स्लोली' या गाण्यात बड आयझॅक्सने दुसऱ्याच प्रकारच्या पेडलने, म्हणजे तारेचा ताण बदलून सूरच बदलणाऱ्या पेडलने, कमाल केली. इतिहासकार त्या पेडलाची वर्णने पानेच्या पाने करतात. आवाजाच्या पेडलाला मात्र दोन ओळींच्या वर कोणी दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. खेटराशी संबंध येणाऱ्या वस्तूंचे असेच होते.

परदेशी पेडल मामांना परवडणारे नव्हते, आणि आयातीच्या निर्बंधांत मिळणारेही नव्हते. त्यांनी एका गोवेकर वादकाकडचे पेडल तासभर मागून आणले, कागदावर मापे घेतली आणि गिरगावातल्या सुताराकडून ही पेटी करून घेतली. आत रेडिओचे आवाजाचे बटण, त्याच्या दांड्यावर शिवणाच्या दोऱ्याचे लाकडी रीळ आणि रिळाला तीन वेढे देऊन पुढे स्प्रिंगला बांधलेली दोरी. ही दोरीही रेडिओतलीच, काटा सरकवणारी. अमेरिकेतले दुरुस्तीवालेही दोरीच्या पेडलांत हीच दोरी घालतात हे मला फार पुढे कळले. रेडिओच्या बटणाला शेवटी चालू-बंद करण्याचा खटका असतो. तो काढायचा राहून गेला होता. त्यामुळे पाय पुरता मागे घेतला की 'टक्' आवाज होई. तो होऊ नये म्हणून मामा पाय कधीच पुरता मागे घेत नसत. त्यांच्या वाजवण्यात दोन सुरांमध्ये एक धूसर रेघ राहायची. लोक तिला त्यांची खासियत म्हणत!

नातीने पेटी पाहिली आणि ती हटूनच बसली. ती वर्षभर मामांचीच गिटार शिकत होती, आणि सोसायटीच्या दिवाळी पहाटेला तिला दहा मिनिटे मिळाली होती. हातात पंधरा दिवस.

दोरी कुजली होती. बटण फिरवले की ध्वनिवर्धकातून खरखर. बटणाच्या आत कोळशाची अर्धवर्तुळाकार वाट असते आणि तिच्यावरून धातूचा काटा फिरतो. धूळ असेल तर औषध फवारून खरखर जाते. पण वाटच झिजली असेल तर औषध चार दिवसांचे. रेडिओचे बटण दिवसातून दोनदा फिरते, पेडलाचे एका गाण्यात शंभर वेळा. म्हणून अमेरिकन वादक अॅलन-ब्रॅडलीच्या भक्कम बटणांवर जीव टाकत. त्यांत कोळशाची वाट तापवून साच्यात घडवलेली असे. आता जुनी बटणे शोधीत तिकडचे लोक हिंडतात, आणि काहींनी काटाच नको म्हणून प्रकाशावर चालणारी पेडले पत्करली आहेत.

मी लॅमिंग्टन रोड गाठला. एका दुकानात बटण मिळाले, घरी येऊन डाग दिले, आणि पाय टेकवताच आवाज एकदम अंगावर आला. उरलेल्या प्रवासात काहीच वाढेना. दुकानदाराने समान चढीचे बटण दिले होते. आपला कान समान चढ समान मानीत नाही. आवाज सावकाश वाढल्यासारखा वाटायला विरोध आधी हळूहळू आणि शेवटी झपाट्याने बदलावा लागतो. दुसऱ्या खेपेला तसे बटण आणले, तर त्याचा दांडा सहा मिलिमीटरचा. मामांच्या रिळाचे भोक पाव इंचाचे. फरक जेमतेम केसाएवढा, पण रीळ जागच्या जागी घरंगळू लागले. तांब्याच्या पातळ पत्र्याचा एक वेढा दिला तेव्हा बसले.

दोरी मात्र कुठेच मिळेना. नवे रेडिओ काट्याशिवायचे. दोरी ठेवणार कोण? मांज्याने दोन दिवसांत दम तोडला, मासेमारीचा तंगूस रिळावरून निसटू लागला. शेवटी रेडिओ दुरुस्तीचे दुकान कधीच बंद केलेल्या एका वृद्ध कारागिराने बिस्किटांच्या डब्यातून हातभर दोरी काढून दिली. पैसे घेतले नाहीत. गाठ कशी मारायची ते मात्र माझ्याकडून तीनदा करवून घेतले.

जुने बटण फेकवेना. ते पेटीच्या आतच एका कोपऱ्यात खिळ्याला बांधून ठेवले.

पहाटेला नातीने यमन वाजवला. सूर येत होते, विझायचे नाव घेत नव्हते. नव्या बटणाला खटका नव्हता. तिला पाय खुशाल मागे नेता आला असता. पण तिने मामांची एक जुनी फीत ऐकून ऐकून बसवलेला यमन तो. दोन सुरांमध्ये तिचा पाय मागे येई आणि किंचित आधी थांबे.

माझी बहीण शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "मामांचा टक् अजून आहे वाटतं त्यात?"

मी नाही म्हणालो.