काटा आधी तपासा, मग त्यावर विश्वास ठेवा

सध्या मुक्काम बालीगंज. मैदान कॅम्पच्या फाटकाबाहेर पडले की गुरुसदय रोड, पुढे फाडी, त्यापुढे गरियाहाट. बस, टॅक्सी, हातगाड्या आणि माणसे यांच्या गर्दीत मोटारसायकलचा काटा तिशीच्या वर फारसा जात नाही. तरी आमच्या जवानांत हल्ली वाद चालू आहे तो स्पीडोमीटरचाच. एकाच कंपनीच्या दोन गाड्या शेजारी-शेजारी धावतात. एकीचा काटा साठ दाखवतो, दुसरीचा पासष्ट. खरा कोणाचा?

प्रश्न लहान वाटतो. पण कॉन्व्हॉय चालवलेल्या कोणत्याही माजी सैनिकाला विचारा. पुढच्या गाडीचा काटा खोटा असला की स्टार्ट पॉइंटची वेळ चुकते, मागच्या गाड्या अंतर भरून काढायला धावतात आणि शेपटीची गाडी घाटात नको तितक्या वेगाने येते. शिवाय या प्रश्नाचे उत्तर शोधायला कलकत्त्याइतके योग्य शहर भारतात दुसरे नसेल. मोजमापाचे साधनच आधी मोजून घ्यायचे, ही शिस्त या शहराने दोनशे वर्षांपूर्वी पाळली आहे.

थोडा इतिहास. भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारे कर्नल विल्यम लॅम्बटन २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. हैदराबादहून नागपूरकडे निघाले होते, वाटेतच गेले. त्यांची कबर तिथे आहे. मोजणीची सूत्रे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आली. आजारपणामुळे ते इंग्लंडला गेले आणि १८३० साली नवी यंत्रे घेऊन परतले. त्या यंत्रांत दहा-दहा फुटांच्या सहा 'कॉम्पेन्सेशन' पट्ट्या होत्या.

लोखंडी पट्टी उन्हात लांबते. तिने मोजलेले अंतर सकाळी एक आणि दुपारी दुसरे येते. म्हणून या यंत्रात पितळ आणि लोखंडाचे दांडे जोडीने बसवले होते. पितळ जास्त प्रसरण पावते, लोखंड कमी. दोघांच्या फरकाचा उपयोग करून टोकाच्या दोन खुणांमधले अंतर कायम राहील अशी रचना होती. ही पट्टीसुद्धा प्रमाण दांड्याशी ताडून पाहिल्याशिवाय एव्हरेस्ट वापरत नसत.

नोव्हेंबर १८३१ ते जानेवारी १८३२ या काळात बराकपूरच्या रस्त्यावर सहा मैलांहून जास्त लांबीची पायारेषा या पट्ट्यांनी मोजली गेली. दोन्ही टोकांना मनोरे बांधले. बी. टी. रोडच्या गजबजाटात ते अजून उभे आहेत. बसमधून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते कशासाठी आहेत हे ठाऊक असते.

यंत्रे दुरुस्त करणारी माणसेही याच शहरात घडली. आर्कॉटचे सय्यद मीर मोहसीन हुसेन इथे आले आणि इंग्रज यंत्रकार हेन्री बॅरो यांच्यानंतर सर्व्हेचे यंत्रकार झाले. त्या काळच्या गणिती उपकरणांच्या कार्यालयाची परंपरा पुढे जादवपूरच्या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सपर्यंत आली. बालीगंजहून जादवपूर फार लांब नाही.

आता योगायोग पाहा. बराकपूर रस्त्यावर पायारेषा मोजली जात होती त्याच १८३१ सालात लंडनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी विद्युत-चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आपल्या काट्याच्या स्पीडोमीटरचे मूळ तिथे आहे. ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ साली बर्लिनमध्ये त्याचे पेटंट घेतले आणि पुढची कित्येक दशके जगभर तीच रचना चालली. चाकाकडून येणारी केबल एक चुंबक फिरवते. चुंबकाजवळ ॲल्युमिनियमची वाटी असते, पण दोघांचा स्पर्श होत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत वाटी जिथे थांबते, तिथे काटा थांबतो.

म्हणजे आपण वेग थेट वाचतच नाही. आपण वाचतो चुंबकाची ताकद आणि स्प्रिंगचा ताण. चुंबक वर्षानुवर्षे क्षीण झाला की काटा कमी दाखवतो. स्प्रिंग सैल झाली की जास्त. किलोमीटर मोजणारे आकडे मात्र दातेरी चाकांवर चालतात. त्यांचा चुंबकाशी संबंध नाही. टायरचा घेर आणि गिअर बरोबर असतील, तर ते बरोबर. हा फरक लक्षात ठेवा, तपासणीची सगळी किल्ली त्यात आहे.

रायफलच्या झिरोइंगची आठवण करा. आधी ग्रुप पाहायचा, मग साइट हलवायची. पाचही गोळ्या एका जागी, पण डावीकडे, तर काम सोपे. गोळ्या विखुरलेल्या असतील तर साइटला हात लावून उपयोग नाही. काट्याचेही तसेच. तो थरथरत असेल, उड्या मारत असेल, तर आधी केबल पाहा: कोरडी आहे का, कुठे मुडपली आहे का. काटा स्थिर झाल्यावरच पुढची पायरी.

महामार्गाचा सरळ, सपाट, मोकळा भाग निवडा. टायरमध्ये ठरलेली हवा, तीही थंड टायरला भरलेली. मागे बसणाऱ्याच्या हातात स्टॉपवॉच द्या, चालवणाऱ्याने घड्याळाकडे पाहायचे नाही. एका किलोमीटरवर विसंबू नका. रस्ता रुंद करताना एखादा दगड सरकलेला असतो. सलग दहा किलोमीटर घ्या आणि काटा साठवर धरा. हिशेब सोपा आहे: साठच्या वेगाला एका किलोमीटरला बरोबर एक मिनिट.

समजा दहा मिनिटांऐवजी १० मिनिटे ४० सेकंद लागले. ६४० सेकंदांत १० किलोमीटर, म्हणजे खरा वेग ५६.२५. काटा सुमारे पावणेसात टक्के जास्त दाखवतो. आता किलोमीटरचे आकडे पाहा. तिथे १०.२ भरले असतील, तर दोन टक्के चूक टायर किंवा गिअरची. उरलेली साडेचार टक्क्यांच्या आसपासची चूक चुंबक-स्प्रिंगची. पहिलीचा इलाज योग्य मापाचा टायर. दुसरीचा इलाज मीटर दुरुस्त करणाऱ्या जाणत्या कारागिराकडे. घरी काटा उपटून पुन्हा बसवू नका. एका वेगाला तो जुळेल, बाकी सगळीकडे बिघडेल. काहीच करायचे नसेल, तर चाळीस, साठ, ऐंशी या तीन वेगांची चाचणी घेऊन 'काटा इतका, खरा इतका' अशी चिठ्ठी टाकीवर चिकटवा. तोफखान्यातली मंडळी दुरुस्तीच्या कोष्टकाला सरावलेली असतातच.

मोबाइलवरचा जीपीएस वेग चालेल का? सरळ रस्त्यावर, स्थिर वेगाला, चांगला चालतो. वेग वाढवताना तो थोडा मागे राहतो, आणि बोगद्यात किंवा उंच इमारतींमध्ये भरवशाचा नाही. घड्याळ आणि जीपीएस दोन्ही जुळले, तर निश्चिंत व्हा.

नवी गाडीही बहुधा थोडे जास्तच दाखवते, आणि ते मुद्दाम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियम ३९ प्रमाणे काटा खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये. जास्त दाखवायला मात्र एक दशांश अधिक ताशी चार किलोमीटर इतकी सूट आहे. खरा वेग साठ असताना काटा सत्तरवर असला तरी मान्यता मिळते. कायद्याने चूक एका बाजूला झुकवली आहे, माणसाच्या जिवाच्या बाजूला.

म्हणून काळजी करायची ती कमी दाखवणाऱ्या जुन्या काट्याची. वेग दहा टक्के वाढला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर सुमारे एकवीस टक्के वाढते, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढते. सुट्टीवर घरी गेलेला जवान वडिलांची किंवा भावाची जुनी गाडी काढतो, रात्री स्टेशनवर कोणाला आणायला जातो. काटा साठ म्हणतो, गाडी असते सहासष्टवर, आणि समोर दिवा नसलेली उसाची ट्रॉली. सीमेवर जे घडले नाही, ते गावाच्या वेशीवर घडते. अशा बातम्या आपण सगळ्यांनीच युनिटमध्ये ऐकल्या आहेत.

तेव्हा पुढच्या सुट्टीत घरच्या गाडीला एक सकाळ द्या. दहा किलोमीटर, एक घड्याळ, एक कागद. एव्हरेस्ट यांना सहा मैलांसाठी नोव्हेंबर ते जानेवारी लागले होते. आपले काम अर्ध्या तासाचे आहे.