पान्याची विद्या

आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास कुणी लिहायला घेतला की तो गोंड राजांपासून सुरू होतो, निजामी अमलातून जातो, जोडेघाटच्या कुमरम भीमापाशी घटकाभर थांबतो आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपाशी येऊन संपतो. मीही वर्गात हाच इतिहास शिकवतो. पण या साऱ्या राजवटी बदलल्या तरी नागपूर-हैदराबाद रस्ता आपल्या जागी राहिला. पैनगंगेचा पूल ओलांडून तो आदिलाबादेत येतो आणि गुडीहतनूर, इच्चोडा, नेरडीगोंडा करीत निर्मळकडे उतरतो. त्याचा नंबरसुद्धा बदलला. काल राष्ट्रीय महामार्ग ७ होता, २०१० च्या नव्या क्रमांकनात ४४ झाला. या रस्त्यावरची वाहने ज्यांनी चालती ठेवली, त्या मिस्त्री लोकांचे नाव मात्र कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाही. त्यांची विद्या कशी घडली आणि आज ती कोणत्या वळणावर उभी आहे, हे मांडण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

मोटारीची विद्या आमच्या भागात पोचली ती निजाम सरकारच्या काळात. १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेने रस्ते वाहतुकीचे खाते काढले. २७ बसगाड्या आणि १६६ नोकर एवढा त्याचा पसारा. त्या गाड्या विलायतेतल्या अल्बियन कंपनीच्या. पुढे दुसरे महायुद्ध आले आणि पेट्रोलवर रेशन बसले. तेव्हा मोटारींना मागच्या बाजूने कोळशाच्या गॅसची भट्टी जोडण्याची तऱ्हा देशभर निघाली. युद्ध संपल्यावर लष्कराने विकायला काढलेल्या ट्रका बाजारात आल्या. मुंबईत जनरल मोटर्सने १९२८ पासून जुळणी केलेल्या शेवरोलेट आणि वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या डॉज व फार्गो, अशा पेट्रोलच्या गाड्यांवर आमच्याकडच्या पहिल्या पिढीचे मिस्त्री तयार झाले. कार्बुरेटर, डिस्ट्रिब्युटर, प्लग आणि पुढून मारायचे हँडल हा त्यांचा अभ्यासक्रम होता.

१९५६ साली किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादेतून निघून मुंबई राज्यात गेले. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. माणसे वाटली गेली, कचेऱ्या वाटल्या गेल्या, पण गॅरेजे वाटली गेली नाहीत. किनवटचा मालक गाडी आदिलाबादेत बांधून घेई आणि आदिलाबादचा मिस्त्री सामानासाठी नागपूर गाठी. उस्ताद बहुधा मुसलमान, शागीर्द मराठी, तेलुगू, गोंड असे सगळ्या जातीपातींचे. त्यामुळे गॅरेजची भाषा दखनी, मराठी आणि इंग्रजीची खिचडी झाली. नोजल, टॅपेट, लायनर, रिंगा, पाटे, आटे, पाना. ज्या मुलाला शाळेत इंग्रजीचे स्पेलिंग येत नव्हते, तो ‘कनेक्टिंग रॉड’ हा शब्द सफाईने उच्चारीत होता. कारण तो शब्द त्याने पुस्तकात पाहिला नव्हता, हातात धरला होता.

आज ‘नवे इंजिन समजत नाही’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा मला १९५४ साल आठवून द्यावेसे वाटते. त्या वर्षी टेल्कोने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी मद्रासेला अशोक लेलँड उभी राहिली. मद्रासच्याच सिम्प्सन कंपनीचे पर्किन्स पी-६ इंजिन जुन्या पेट्रोल गाड्यांत बसवण्याची टूम निघाली. बघता बघता रस्ता डिझेलचा झाला. डिझेलला प्लग नाही, कार्बुरेटर नाही. हवा दाबून तापवायची आणि त्यात तेलाचा बारीक फवारा सोडायचा, की आपोआप भडका उडतो. ऐंशी ओलांडलेले एक उस्ताद मला म्हणाले, “गुरुजी, पेट्रोलचा मिस्त्री डिझेलपुढं उभा राह्यला म्हंजे सनईवाल्याच्या हातात तबला देल्यासारखं झालं!” तरीही ते शिकले. कसे शिकले, हे पाहणे महत्त्वाचे आहे.

ते उघडून शिकले. जुने डिझेल इंजिन कान, नाक आणि डोळे यांना उत्तर देत असे. काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवा कमी, निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, पांढरा म्हणजे तेल न जळता बाहेर पडते आहे. सहा सिलिंडरांपैकी कोणते काम करीत नाही हे शोधायचे तर इंजिन चालू ठेवून एकेका नोजलच्या पाइपाचा नट सैल करायचा. आवाज बदलला तर ते सिलिंडर जिवंत. बदलला नाही तर दोष तेथेच. लांब पेचकसाचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून बेअरिंगची नाडी पाहायची. पंपाचे टायमिंग लावताना हंसाच्या मानेसारखी वाकडी नळी जोडून तिच्या तोंडून पडणारे थेंब कोणत्या क्षणी थांबतात ते पाहायचे. ही सारी शास्त्रशुद्ध पद्धत होती. तिला वही नव्हती, एवढेच.

मात्र त्या काळातही एक गोष्ट मिस्त्रीच्या हाताबाहेर होती. तेलाच्या पंपातला प्लंजर आणि त्याचे घर यांच्यामधली फट अवघी दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाच्या केसाची जाडी साधारण सत्तर मायक्रॉन धरली, तर हिशेब ध्यानात यावा. बंगलोरची मायको कंपनी १९५१ साली निघाली आणि तिचे पंप देशभर पसरले. ते उघडायचे काम साध्या गॅरेजचे नव्हे. त्यासाठी कॅलिब्रेशनचे यंत्र घेतलेला ‘पंपवाला’ हा वेगळा कारागीर जन्माला आला. आरंभी त्याच्यासाठी मोठे शहर गाठावे लागे, मग तो तालुक्याच्या गावी आला. म्हणजे नाजूक विद्या आधी दूर जाते आणि काही वर्षांनी घराजवळ परत येते, असा आपला अनुभव आहे. हा मुद्दा पुढे लागेल म्हणून येथेच नोंदवून ठेवतो.

१९६९ साली बेंझशी करार संपला. गाडीच्या तोंडावरचा तारा जाऊन ‘टी’ आला. पण आमच्याकडचे लोक पुढे कित्येक वर्षे तिला ‘मर्सिडीज’च म्हणत राहिले. माझ्या शाळकरी वयात कापसाच्या हंगामात जिनिंगपुढे याच गाड्यांची रांग लागे. मूळ इंजिनाचा वंश तीसेक वर्षे फारसा बदलला नाही, म्हणूनच एका उस्तादाची विद्या त्याच्या शागीर्दाला आणि त्याच्या शागीर्दाला पुरली. इतिहासात अशी स्थिर पिढी क्वचितच लाभते.

स्थैर्य मोडले ते नव्वदच्या दशकात. टाटा आणि कमिन्स यांची भागीदारी १९९३ साली झाली, टर्बोची इंजिने रस्त्यावर वाढली. टर्बोने पहिला नवा धडा दिला तो संयमाचा. घाट चढून आल्या आल्या चावी बंद करायची नाही, मिनिट-दोन मिनिटे इंजिन संथ चालू द्यायचे, नाहीतर तापलेल्या टर्बोचे ऑइल जागीच जळते. ज्या ड्रायव्हरांना बंद करण्यापूर्वी एकदा जोराने रेस देण्याची खोड होती, त्यांनी मालकांना चांगलाच खर्च घातला. तरी टर्बो डोळ्यांना दिसत होता, हाताने फिरवून पाहता येत होता.

खरी उलथापालथ धुराच्या कायद्यांनी केली. भारत स्टेज ही धुराची मानके २००० सालापासून आली. तिसरी पायरी २०१० साली देशभर लागू झाली, चौथी १ एप्रिल २०१७ रोजी. त्याच्या तीन दिवस आधी, २९ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मानकाच्या गाड्यांची विक्री थांबवली. मग पाचवी पायरी गाळून देशाने १ एप्रिल २०२० पासून थेट सहावीवर उडी घेतली. डिझेलमधला गंधक तिसऱ्या पायरीला दहा लाखांत ३५० भाग चालत होता, चौथीला ५० आणि सहावीला केवळ १०. हे सारे आपल्या पोराबाळांच्या फुप्फुसांसाठी झाले, ते योग्यच झाले. मिस्त्रीच्या अडचणी सांगताना हे विसरता कामा नये.

पण या कायद्याने इंजिनाची जातच बदलली. आता एका सामाईक नळीत, म्हणजे रेलमध्ये, दीड-दोन हजार बारच्या दाबाने तेल भरून ठेवलेले असते. जुने नोजल दोनशेच्या आसपास उघडत असे. कोणत्या सिलिंडरला किती तेल कधी द्यायचे हे एक छोटा संगणक ठरवतो आणि सेन्सर त्याला खबर देत राहतात. येथे जुनी विद्या नुसती निरुपयोगी नाही, घातक आहे. चालू इंजिनाच्या पाइपाचा नट सैल केला तर ती धार कातडी भेदून बोटात शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण बोट, प्रसंगी हात गमावण्याची पाळी येते. चेसीला वेल्डिंग करताना बॅटरी आणि संगणकाची जोडणी न सोडवल्यास हजारोंचा संगणक जळतो. नवा इंजेक्टर नुसता बसवून भागत नाही, त्याच्या डोक्यावर कोरलेला कोड संगणकात भरावा लागतो.

आणि मग युरिया! सहाव्या पायरीच्या बहुतेक मोठ्या गाड्यांना डिझेलशेजारी आणखी एक टाकी असते. तीत शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया मिसळलेले द्रावण भरतात. ते धुराच्या नळीत फवारले की विषारी नायट्रोजन ऑक्साइडचे निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाणी होते. टाकी रिकामी झाली की संगणक इंजिनाची ताकद कापतो. आमचा मुलूख कपाशीचा. घरोघर खताचा युरिया पडलेला. तोच पाण्यात कालवून ओतावा असे कुणाच्याही मनात यावे. पण शेतीच्या युरियाला २०१५ पासून सक्तीचे कडुनिंबाचे लेपन असते, शिवाय त्यात इतर अशुद्धे असतात. त्याने फवाऱ्याची नळी तुंबते आणि महागडा कॅटॅलिस्ट कायमचा निकामी होतो. दुसरी गोष्ट काजळी जाळण्याची. धुराच्या गाळणीत साठलेली काजळी सुमारे सहाशे अंशांवर जाळली जाते. ही क्रिया चालू असता गाडी सुक्या गवतावर किंवा जिनिंगच्या आवारात कापसाजवळ उभी करणे म्हणजे आगीला आवतण होय.

महामार्गालगत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे गॅरेज आहे. नववीतून शाळा सोडून तो उस्तादाकडे राहिला आणि उत्तम मिस्त्री झाला. सहाव्या पायरीच्या गाड्या आल्यावर त्याच्याकडे पाटे, ब्रेक आणि ग्रीसिंग एवढेच काम उरले. इंजिनाचे काम कंपनीच्या वर्कशॉपकडे गेले. “गुरुजी, पयले इंजिन बोलत होतं, आता निसता दिवा लागते,” असे तो म्हणाला. पुढे त्याने कर्ज काढून स्कॅनर घेतला. त्याच्या पडद्यावर इंग्रजी. तेव्हा बारावी झालेली त्याची मुलगी संध्याकाळी वहीत कोड उतरवून त्यांचा अर्थ मराठीत लिहू लागली. ती वही मी पाहिली आहे. ‘पी ००८७’ या कोडापुढे तिने लिहिले आहे: रेलमध्ये दाब कमी. आणि त्याखाली बापाच्या सांगण्यावरून: आधी फिल्टर पाहा, मग पाइपात हवा पाहा, मग गळती, पंप सगळ्यात शेवटी.

या चार ओळी मला फार मोलाच्या वाटतात. यंत्राने फक्त लक्षण सांगितले, कारण सांगितले नाही. नवशिका माणूस तो कोड वाचून लाखाच्या घरातला पंप बदलायला सांगेल. जुना मिस्त्री आधी फिल्टर खोलेल. म्हणजे पान्याची विद्या मेलेली नाही. तिला अक्षराची जोड मात्र हवी आहे. पूर्वी शाळा सुटलेल्या मुलाला गॅरेज सांभाळून घेत असे. आता गॅरेजलाच शाळा लागते. शिक्षक म्हणून मला हा बदल साधा वाटत नाही. सीमेवरच्या मराठी मुलाची अडचण तर दुहेरी आहे. तो शिकतो मराठीत, आयटीआयचा फॉर्म भरतो तेलुगू मुलखात आणि पडदा वाचतो इंग्रजीत.

दुसरी बाजू हक्काची आहे. मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना देत नाहीत, म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा कार कंपन्यांना सुमारे अडीच हजार कोटींचा दंड ठोठावला. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक खात्याने ‘दुरुस्तीचा हक्क’ यावर समिती नेमली, पोर्टल काढले. त्यात वाहनेही आहेत. युरोपात २००७ च्या नियमाने कंपन्यांवर दुरुस्तीची माहिती खुली करण्याचे बंधन घातले. तेलंगण सरकारने २०२४ साली ६५ आयटीआयना नवी यंत्रे देण्याचा करार केला. या गोष्टी दिल्ली-हैदराबादेत घडतात. त्यांची बातमी महामार्गावरच्या गॅरेजात कोण पोचवणार?

जी नाजूक विद्या दूर गेली, ती पंपवाल्याच्या रूपाने परत आली, हे वर नोंदवले आहेच. स्कॅनरची विद्याही येईल. पण ती आपोआप येत नाही, कुणीतरी कर्ज काढून, वही घालून तिला आणावे लागते. आमच्या शाळेत मराठी आणि इंग्रजी अशा दोन रकान्यांत छापलेली पन्नास कोडांची एक यादी आम्ही विज्ञानाच्या खोलीत लावली आहे. ज्या मिस्त्रीला हवी असेल त्याने येऊन उतरवून घ्यावी. शाळा साडेचारला सुटते. त्यानंतर तासभर ती खोली उघडी असते.