वामकुक्षी, वनस्पती तूप आणि रात्री दोनची जळजळ

मी मूळचा अमळनेरचा, कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. अमेरिकेतल्या टीमबरोबरची मीटिंग साडेदहाला संपते, अकराला जेवण, साडेअकराला अंथरूण. आणि दोन वाजता छातीत आग, घशाशी आंबट पाणी, झोप गायब. आमच्या खान्देशात यावर निकाल ठरलेला: "तिखट कमी कर." म्हणजे शेवभाजी आणि ठेचा दोषी. आज बघू, इतिहासात हा निकाल टिकतो का.

पहिली गोष्ट. मिरची भारतात पोर्तुगीजांबरोबर आली, 16व्या शतकात. पण साधारण 7व्या-8व्या शतकातल्या माधवनिदानात अम्लपित्तावर स्वतंत्र प्रकरण आहे. आंबट-कडू ढेकर, छाती आणि घशात जळजळ, सगळं त्यात आहे. म्हणजे मिरची यायच्या कितीतरी आधी माणसं जळजळीने हैराण होती! काश्यपसंहितेत कारणं दिली आहेत, त्यात अजीर्णावर पुन्हा खाणं आहे आणि जेवून दिवसा झोपणंही आहे.

मग आपली वामकुक्षी? शब्द फोडून बघा: वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. जेवणानंतर डाव्या कुशीवर थोडं लवंडणं, ढाराढूर झोप नव्हे. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या खालच्या बाजूला राहतं. 2022 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी 57 रुग्णांवर रात्रभर मोजमाप केलं. अन्ननलिकेत आलेलं आम्ल साफ व्हायला डाव्या कुशीवर साधारण 35 सेकंद लागले, उताणं 76, उजव्या कुशीवर 90. आम्ल वर येण्याचं प्रमाण मात्र तिन्हीकडे सारखंच होतं. फरक पडला तो निचऱ्यात.

पोटात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे विल्यम प्राउटने लंडनमध्ये 1823 साली दाखवलं. पण रात्रच का वाईट? जागेपणी आपण सारखी लाळ गिळतो, ती आम्ल धुऊन काढते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणं क्वचित होतं, आणि आडवं पडल्यावर गुरुत्वाकर्षणही मदतीला नसतं. उलटी बाजूही आहे: 2007 च्या एका अभ्यासात, झोप अपुरी झालेल्या रुग्णांना तेवढंच आम्ल लवकर आणि जास्त झोंबलं. जळजळीने झोप मोडते, मोडलेल्या झोपेने जळजळ वाढते. आमच्या भाषेत, इन्फिनिट लूप.

आता अमळनेर. 29 डिसेंबर 1945 ला इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी सुरू झाली, वनस्पती तूप बनवायला. तीच पुढे विप्रो. तूप, तेल, वनस्पती, कुठलाही स्निग्ध पदार्थ पोटातून हळू पुढे सरकतो. म्हणजे तर्रीदार भाजी अकराला खाल्ली, तर साडेअकराला पोट भरलेलंच. माझी आजी सांगते, तिच्या लहानपणी दिवेलागणीला जेवणं व्हायची, कारण रॉकेल महाग. तर्री तेव्हाही होती. जेवण आणि अंथरूण यांच्यात तीन तास होते. गावातून निघालेली कंपनी तेलाकडून कॉम्प्युटरकडे गेली, आणि आमची पिढी दिवेलागणीकडून अमेरिकेच्या घड्याळाकडे. माझ्या मते बदल ताटात कमी, घड्याळात जास्त झालाय.

गोळ्या? सिमेटिडिन 1976 ला ब्रिटनमध्ये आलं, ओमेप्राझोल 1988 ला स्वीडनमध्ये. दोन्ही मोठे शोध. पण त्या आम्ल कमी करतात, अन्ननलिकेच्या तोंडाची सैल झडप घट्ट करत नाहीत. म्हणून डॉक्टर आजही पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून वीतभर उचलायला सांगतात. नुसती उशी वाढवली तर मानच वाकते.

मी सध्या मीटिंगच्या आधी, आठला जेवतो. टीमला सांगितलं, कोणाचंही काही अडलं नाही. तुमच्याकडे मेडिकलमधून आणलेली गोळी महिनोन्‌महिने चालू असेल, गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आणि छातीतलं दुखणं हाताकडे, जबड्याकडे गेलं, घाम फुटला, तर ‘अ‍ॅसिडिटी असेल’ म्हणत पडून राहू नका. लगेच दवाखाना गाठा.

तुमच्या घरी रात्रीचं जेवण किती वाजता होतं आणि आजोबांच्या काळी किती वाजता व्हायचं, विचारून कळवा. भेटू पुढच्या भागात!