वालधुनी नदी

वालधुनी ही महाराष्ट्राच्या ठाणे जिल्ह्यातील उल्हास नदीची उपनदी आहे. अंबरनाथजवळील काकोळे परिसरातील डोंगरांत उगम पावून ती अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याण या शहरांतून वाहते आणि कल्याणजवळ उल्हासला मिळते. लगतच्या बदलापूरचा संबंध मुख्यतः उल्हास नदीशी आहे. तेथील बंधाऱ्यातून परिसराला पिण्याचे पाणी मिळते. वालधुनीला मात्र आज अनेक रहिवासी 'नाला' म्हणूनच ओळखतात.

इतिहास

अंबरनाथचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी आहे. येथील शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० हा काळ नोंदलेला आहे. उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील छित्तराजाने आरंभिलेले हे बांधकाम मुम्मुणीच्या काळात पूर्ण झाले. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते.

रेल्वे आल्यावर नदीला नवा उपयोग लाभला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांसाठी काकोळे येथे धरण बांधले. 'जीआयपी टँक' हे त्याचे नाव अजूनही प्रचलित आहे.

दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवण्यात आले. त्या वसाहतीला १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव मोठ्या नदीचे असले, तरी वस्तीच्या मधून वाहणारी नदी वालधुनीच होय. छावणीच्या बराकींवरून पडलेली 'कॅम्प क्रमांक १ ते ५' ही विभागांची नावे आजही पत्त्यांत लिहिली जातात.

प्रदूषण

अंबरनाथमधील कारखाने, उल्हासनगरातील जीन्स धुण्याचे व रंगवण्याचे व्यवसाय आणि शहरांचे सांडपाणी यांमुळे नदीचे पात्र दूषित झाले. रंगकामाच्या सांडपाण्यामुळे पाण्याचा रंग बदलत असे. नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरमधून नदीत रसायन सोडल्याने उल्हासनगरात विषारी वायू पसरला व शेकडो रहिवाशांना त्रास होऊन रुग्णालयात जावे लागले. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाविरुद्ध वनशक्ती या संस्थेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. अतिक्रमणांनी पात्रही अरुंद झाले असून २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत काठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते.

छायाचित्रांतील नोंद

१८६८ मध्ये मुंबईच्या कलाशाळेतील जॉर्ज टेरी यांच्या पथकाने शिवमंदिराची रेखाचित्रे, छायाचित्रे व शिल्पांचे साचे घेतले. त्यांचे लक्ष अर्थातच मंदिराकडे होते, नदीकडे नव्हते. मंदिराच्या तुलनेत नदीच्या पूर्वरूपाची चित्रित नोंद त्यामुळे फार तोकडी आहे. अलीकडची छायाचित्रे बहुधा फेस, कचरा आणि पूर यांचीच असतात.

गतकाळ दाखवण्यासाठी काही कलावंत रचित छायाचित्रणाचा अवलंब करतात. त्यात पात्रे, वेशभूषा, स्थळ आणि प्रकाश आधी ठरवून चित्रपटातील प्रसंगाप्रमाणे दृश्य उभे केले जाते. पुष्पमाला एन. यांनी १९९६ ते १९९८ या काळात मुंबईत केलेली 'फँटम लेडी' ही जुन्या साहसी चित्रपटांच्या धर्तीवरील मालिका याचे परिचित उदाहरण आहे. दिल्लीचे अतुल भल्ला यांनी २००५ मध्ये प्रदूषित यमुनेत स्वतः बुडी घेतानाची छायाचित्रमालिका केली. तिच्यात काल्पनिक पात्र नाही, पाणीही नदीचेच आहे. वालधुनीच्या बाबतीत अशा मांडणीला आधार मुबलक आहेत: शिलालेख, इंजिनांसाठीचे धरण, निर्वासितांच्या बराकी. अडचण पात्राचीच आहे, कारण शहरात ते अनेक ठिकाणी बांधकामांआड गेले आहे.