वाढदिवस : मुलाच्या पहिल्या वर्षाची भाषिक कालगणना

(१)

मूल एक वर्षाचे झाले म्हणजे नेमके काय झाले, ह्या प्रश्नाचे उत्तर सर्व भाषा सारखे देत नाहीत. नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे गाव ह्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गावरील ह्या जंक्शनाहून आदिलाबादकडे जाणारा फाटा फुटतो. गावात मराठी व दखनी उर्दू शेजारी नांदतात आणि तेलुगू भाषेचा प्रदेश फार दूर नाही. मुलाच्या जन्माला वर्ष पूर्ण झाले की मराठी घर त्या दिवसाला 'वाढदिवस' म्हणते. उर्दू बोलणारे घर 'सालगिरह' म्हणते. म्हणजे वर्षाची गाठ. तेलुगू घरात तो 'पुट्टिन रोजु', म्हणजे जन्मल्याचा दिवस असतो. एकाच घटनेची ही तीन नावे तीन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. तेलुगू शब्द मागे, जन्माकडे पाहतो. उर्दू शब्द सरलेल्या वर्षांची मोजदाद ठेवतो. मराठी शब्दाचे लक्ष मात्र मुलाच्या वाढीकडे आहे.

ह्या भेदाला केवळ शब्दकौतुकाचे मोल आहे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. तारीख टिपून ठेवण्याची सोय जेथे दीर्घकाळ नव्हती, तेथे मुलाचे वय त्याच्या अंगात व कृतीत वाचावे लागे. ह्या वाचनाची परिभाषा मराठी घरांनी कशी घडविली, तारखेची नोंद आल्यावर तिचे काय झाले आणि आजच्या बालविकासशास्त्रासमोर तिचे बळ व तिची उणीव कोणती, एवढाच विचार येथे कर्तव्य आहे.

(२)

प्रथम शास्त्रग्रंथांची साक्ष पाहू. मनुस्मृतीने चौथ्या महिन्यात मुलास घराबाहेर नेण्याचा, सहाव्या महिन्यात अन्नप्राशनाचा आणि पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी चूडाकर्माचा विधी सांगितला आहे. वाग्भटाच्या परंपरेत पाचव्या महिन्यात मुलाला भूमीवर बसविण्याचा संस्कार येतो. ह्या विधींकडे केवळ धर्मकृत्ये म्हणून पाहिले, तर त्यांतील निरीक्षण हातून निसटते. बाहेर नेणे, बसविणे, घन अन्न देणे ह्या तिन्ही गोष्टी मुलाची मान, पाठ आणि पचनशक्ती ह्यांच्या तयारीशी निगडित आहेत. सहा महिने पूर्ण झाल्यावर पूरक आहार द्यावा, असेच आजचे वैद्यकशास्त्रही सांगते.

पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय ह्यांनी शके १७१२ मध्ये, म्हणजे इ. स. १७९०-९१ मध्ये, 'धर्मसिंधु' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यात वर्धापनविधी दिला आहे. 'वर्धापन' आणि 'वाढदिवस' ह्या दोन्ही शब्दांत 'वृध्' धातूचाच अर्थ नांदतो. वर्ध्, प्राकृत वड्ढ, मराठी वाढ अशी ही परंपरा आहे. ह्या विधीतील एक तपशील विशेष लक्षणीय आहे. पहिले वर्ष पुरे होईपर्यंत तो दर महिन्याच्या जन्मतिथीस करावयाचा असून त्यानंतर तो वर्षातून एकदाच करावयाचा आहे. पहिल्या वर्षाचे एकक महिना आणि पुढील आयुष्याचे एकक वर्ष, असा हा भेद आहे. त्याचे एक कारण उघड दिसते. पहिल्या वर्षात मूल महिन्यागणिक बदलते. दुसरे कारण दुःखद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीदेखील हिंदुस्थानात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे मुले वर्षाची होण्यापूर्वीच दगावत. अशा काळात प्रत्येक महिना पार पडणे हीच एक प्राप्ती होती. २०२० मध्ये महाराष्ट्रात हेच प्रमाण हजारी १६ इतके होते. आजच्या वाढदिवसाच्या आनंदातून एक जुने भय जवळजवळ वजा झाले आहे, हे ह्या दोन आकड्यांवरून ध्यानात येईल.

दखनी मुसलमान कुटुंबांतही अशीच पायऱ्यांची मालिका होती. जाफर शरीफ ह्यांनी लिहिलेला व डॉ. हर्क्लॉट्स ह्यांनी इंग्रजीत आणलेला 'कानून-ए-इस्लाम' हा ग्रंथ १८३२ मध्ये प्रसिद्ध झाला. दख्खनमधील मुसलमानांच्या चालीरीतींचे वर्णन करताना त्यात मुलाला खीर चाटविण्याचा प्रसंग आणि दरवर्षी दोऱ्याला एक गाठ देऊन पाळली जाणारी सालगिरह ह्यांचा उल्लेख येतो. अंगावरचे दूध सोडविण्यास उर्दूत 'दूध बढ़ाना' म्हणतात. मराठीत नारळ फोडण्याला 'वाढविणे' म्हणतात, बांगडी फुटली तर ती 'वाढली' म्हणतात. तोच हा संकेत. तुटणे, संपणे हे अशुभ शब्द टाळून दोन्ही भाषांनी वाढीच्याच शब्दाचा आश्रय घेतला आहे. ताटात अन्न घालण्यालाही मराठीत 'वाढणे'च म्हणतात. व्युत्पत्तीचा वाद बाजूस ठेवला, तरी आजच्या वापरात मुलाची वाढ आणि त्याच्या ताटातील वाढप एकाच उच्चाराने बोलली जातात, हे खरे.

(३)

शास्त्र महिने मोजत होते. घर मात्र क्रियापदे मोजत होते. मराठवाड्यातील आजीला नातवंडाचे वय विचारले, तर 'लेकरू आता उपडं पडतंय', 'बसाया लागलंय', 'धरून उभं राहतंय', 'एक-दोन पावलं टाकतंय' अशी उत्तरे मिळत. ह्या वाक्यांत महिन्याची संख्या नाही, पण ऐकणाऱ्या बाईस वयाचा अदमास येतो. त्यांतील क्रम पक्का आहे, काळ मात्र सैल आहे. हे ह्या परिभाषेचे मुख्य लक्षण म्हणावे लागेल.

तिची सूक्ष्मताही नोंदण्याजोगी आहे. पुढे सरकण्याच्या क्रियेला मराठीत एकच शब्द नाही. पोट जमिनीला टेकवून मूल 'सरपटते', हातागुडघ्यांवर 'रांगते' आणि बसल्या बसल्या पुढे सरकते तेव्हा 'खुरडते'. 'रांगणे' आणि दखनीतील 'रेंगना' ही रूपे सगोत्र दिसतात. जी मुले न रांगताच उभी राहतात, त्यांच्याविषयीही घरात फारशी चिंता केली जात नसे. 'पांगुळगाडा' ह्या शब्दातही एक दृष्टी आहे. उभ्याने धरून ढकलावयाच्या ह्या तीन चाकांच्या लाकडी गाड्याच्या नावात चालू न शकणाऱ्या मुलाला 'पांगुळ' म्हटले आहे. पण हे पांगळेपण तात्पुरते आहे, हे गाडा आणणारा आणि गाड्यात उभे राहणारे मूल ह्या दोघांनाही ठाऊक असते.

चालणे आणि बोलणे ही दोन कौशल्ये वर्षाच्या आगेमागे एकत्र येतात, हे निरीक्षणही मराठीत जुने आहे. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी मुलाचे बोबडे बोल आणि त्याची वाकडीतिकडी पावले ह्यांचा दृष्टान्त एकाच ओवीत आला असून, दोहोंच्या कौतुकाने माता रिझते असे तेथे म्हटले आहे. मूल चुकते आहे असे तेथे कोणी म्हणत नाही. अपुरेपणाला दोष न मानणारी ही वृत्ती मराठी बालसंगोपनाचा फार मोठा ठेवा आहे. तिची मर्यादा कोठे पडते, ते पुढे दिसेल.

(४)

घराच्या ह्या क्रियापदांवर तारखेचा अंमल फार उशिरा बसला. मुदखेड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा आहे. तत्पूर्वी जन्मलेल्या पिढ्यांची वये घटनांच्या आधारे सांगितली जात : 'पोलीस ॲक्शनच्या वर्षी रांगत होता', 'रझाकाराच्या धामधुमीत पोटात होता'. राज्ये उलथण्याची नोंद मुलाच्या रांगण्याशी जोडून ठेवणारी ही वाक्ये इतिहासाच्या अभ्यासकाने हसण्यावारी नेऊ नयेत.

शाळेत नाव घालताना मात्र तारीख लागे. उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला की मूल सहा वर्षांचे, ही कसोटी जुन्या शिक्षकांना परिचित होती. आणि दाखल्यावर जन्मतारीख पडे ती बहुधा १ जून. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांची तारीखही तीच आहे. त्यांच्या आईला विचारले असता, ज्वारीची कणसे भरली होती तेव्हा हा जन्मला, असे ती सांगे. कणसे १ जूनला भरत नाहीत. कागदावरची तारीख खोटी आणि आईचे सांगणे खरे असूनही, पुढे नोकरी व निवृत्ती ह्यांचा हिशेब कागदाच्याच आधारे झाला. एका पिढीच्या वाढदिवसांतून वाढही गेली आणि दिवसही गेला.

(५)

तारीख हाती आल्यावरच वाढीचे शास्त्रीय मापन शक्य झाले. पाश्चात्य मुलांवरून बेतलेली प्रमाणे भारतीय मुलांना जशीच्या तशी लावता येणार नाहीत हे ओळखून, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक ह्यांनी भारतीय अर्भकांच्या शारीरिक हालचालींचा व मानसिक विकासाचा अभ्यास केला. एक ते तीस महिन्यांच्या मुलांसंबंधीचा त्यांचा अहवाल १९७० चा आहे. त्यातून पुढे भारतीय अर्भकांसाठी विकासमापनाची श्रेणी सिद्ध झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये वाढीची नवी प्रमाणे प्रसिद्ध केली. त्यांतील हालचालींच्या टप्प्यांसाठी घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका ह्या पाच देशांतील ८१६ मुलांचा अभ्यास झाला होता. भारतातील मुले दिल्लीची होती. निष्कर्ष बोलके आहेत. आधाराशिवाय बसणे ३·८ ते ९·२ महिन्यांत, हातागुडघ्यांवर रांगणे ५·२ ते १३·५ महिन्यांत, आधाराविना उभे राहणे ६·९ ते १६·९ महिन्यांत आणि स्वतंत्रपणे चालणे ८·२ ते १७·६ महिन्यांत येते. म्हणजे पहिल्या वाढदिवशी चालणारे मूल आणि न चालणारे मूल ही दोन्ही सर्वसाधारणच होत. सुमारे ४·३ टक्के मुले हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत.

वाचकांच्या ध्यानात येईल की, ह्या आकड्यांनी आजीच्या क्रियापदांना खोटे पाडलेले नाही. टप्प्याचा काळ सैल असतो आणि रांगणे वगळूनही मूल उभे राहू शकते, ह्या दोन्ही गोष्टी तिला माहीत होत्या. आकड्यांनी नवे काय दिले असेल, तर कालमर्यादेचा शेवट. 'अजून पाऊल टाकत नाही' ह्या वाक्यातील 'अजून' किती महिने ताणावा, हे घरच्या परिभाषेत कोठेच सांगितलेले नव्हते. अठरावा महिना लागल्यावरही मूल चालत नसेल तर वैद्यास दाखवावे, ही रेघ तारखेनेच ओढता येते. उलट, तारीख हाती असलेली आजची काही घरे शेजारच्या मुलाने अकराव्या महिन्यात पाऊल टाकले म्हणून बाराव्या महिन्यातील आपल्या मुलासाठी कष्टी होतात. त्यांना आजीचा सैलपणा उपकारक ठरेल.

(६)

बोलण्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. मराठी बालबोलीचा शास्त्रीय विचार १९६४ मध्येच झालेला आहे. डॉ. अशोक केळकर ह्यांचा मराठी बालबोलीवरील निबंध 'वर्ड' ह्या नियतकालिकात त्या वर्षी आला आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन ह्यांनी सहा भाषांतील बालबोलींची तुलना करताना मराठीचा समावेश केला. मंमं, भूभू, चिऊ, काऊ, हम्मा, भूर, बाऊ, जोजो हे शब्द मुलांनी निर्माण केलेले नसून मोठ्यांनी परंपरेने जपलेले व मुलांना पुरविलेले आहेत, हा त्या विचारातील महत्त्वाचा मुद्दा होय. ओष्ठ्य व्यंजने, मोकळे स्वर आणि द्विरुक्ती ह्यांमुळे वर्षाच्या मुलास ते पेलतात. मराठी घर मुलाला जसे पांगुळगाड्यात उभे करते, तसेच ह्या शब्दांतही उभे करते.

तथापि मूल शब्द उच्चारण्यापूर्वी कितीतरी आधी ऐकत व समजत असते. वर्षाच्या सुमारास ते आपल्या नावाकडे वळते आणि 'भूर' म्हणताच दाराकडे पाहते. हे घडत नसेल, तर बोबडेपणाचे कौतुक पुरेसे नाही. 'ह्याचा बापही उशिराच बोलला' हे वाक्य मराठवाड्यात घरोघरी ऐकू येते. ते प्रेमाचे खरे. पण त्याच्या आडोशाला बहिरेपण वर्ष वर्ष लपून राहते आणि भाषा रुजण्याचा मोलाचा काळ निघून जातो. मुंबई येथे १९८३ मध्ये स्थापन झालेली वाणी व श्रवणविषयक राष्ट्रीय संस्था अली यावर जंग ह्यांच्या नावाने ओळखली जाते. हे हैदराबादचे गृहस्थ महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मुदखेडच्या जुन्या राजधानीचे नाव ह्या कार्याशी असे जोडलेले आहे.

घराची क्रियापदे क्रम सांगतात आणि कौतुक करतात. तारीख मर्यादा सांगते आणि सावध करते. एकीला बाजूस सारून दुसरी पुरी पडत नाही. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने आपल्या तालुक्यातील आज्यांकडून ही क्रियापदे त्यांच्या बोलीतील रूपांसह टिपून घ्यावीत, आणि अंगणवाडीताईंनी महिन्यांचा तक्ता समजावून देताना त्यांचाच वापर करावा, असे सुचवावेसे वाटते. 'आधाराविना चालणे' ह्या शब्दांपेक्षा 'पाऊल टाकणे' आईला लवकर कळते. आणि जे तिला कळेल, तेच ती वेळेवर येऊन सांगेल.